घरात मुरलेली ऊर्जा कशी मोजायची: हजार चौरस फुटांच्या एका घराचा हिशेब

सिमेंटची ५० किलोची एक गोणी साइटवर उतरते, तेव्हा तिच्यामागे सुमारे २९० मेगाज्यूल ऊर्जा खर्च झालेली असते. खाणीतून चुनखडी काढायला, ती दळायला, १,४५० अंशांच्या भट्टीत भाजायला आणि पुन्हा दळायला लागलेली. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे सव्वादोन गोण्या सिमेंट बरोबर एक सिलिंडर. हजार चौरस फुटांच्या साध्या घराला ४०० गोण्या लागतात, आणि सिमेंट हा या हिशेबातला फक्त एक रकाना आहे.

विजेचं बिल दर महिन्याला येतं म्हणून आपण पाच ताऱ्यांचा पंखा शोधतो, एलईडी लावतो. घर उभं करतानाच जी ऊर्जा भिंतींत आणि स्लॅबमध्ये मुरली, तिचं बिल कुणी देत नाही. पुस्तकी भाषेत तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. ती मोजायला महागडं सॉफ्टवेअर लागतं हा समज चुकीचा आहे. बांधकामाची बिलं, एक टेप, एक वही आणि थोडी चिकाटी एवढ्यावर कोणताही डिप्लोमा झालेला सुपरवायझर, किंवा स्वतःचं घर बांधणारा माणूस, कामापुरता हिशेब करू शकतो. मात्र तो नकाशा पक्का होण्याआधी केला, तरच त्याचा उपयोग. स्लॅब पडल्यावर केलेला हिशेब नोंदीपुरता उरतो.

समजायला सोपं जावं म्हणून अहिल्यानगरजवळचं एक घर धरू या. तळमजला फक्त, १,००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा, बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या साडेचार इंची, विटा भट्टीच्या, खिडक्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या. आज आपल्या तालुक्यांत बहुतेक जण बांधतात तसं. यातली परिमाणं नेहमीच्या अंदाजपत्रकी पद्धतीने काढलेली आहेत. तुमच्या घराची वेगळी निघतील, रीत तीच.

आधी कुंपण घाला

पहिला प्रश्न: काय मोजायचं आणि काय नाही? हे कागदावर न लिहिता आकडे मांडायला बसलात, तर दोन महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला उलगडणार नाही.

युरोपात इमारतीच्या आयुष्याचे टप्पे पाडायची एक पद्धत रुळली आहे आणि ती आपल्याकडेही चालते. कच्चा माल काढणं, तो कारखान्यात नेणं आणि माल तयार करणं हे अ१ ते अ३. कारखान्यातून साइटपर्यंतची वाहतूक अ४. प्रत्यक्ष बांधकाम अ५. पुढची दुरुस्ती, रंग, बदललेल्या खिडक्या हा ब गट आणि शेवटची पाडापाडी हा क गट. पहिल्यांदा करत असाल तर अ१ ते अ५ एवढंच घ्या. खाणीपासून वास्तुशांतीपर्यंत, असं म्हणा. आपल्या घरासाठी मी तेच कुंपण घातलंय. रंग, नळकाम, वायरिंग आणि दारं बाहेर ठेवली आहेत, आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

क्षेत्रफळ कोणतं, हेही तिथेच लिहा. बिल्टअप धरलं की कार्पेट? भागाकार बदलला की उत्तर बदलतं, आणि दोन घरांची तुलना इथेच सर्वात जास्त फसते.

माल मोजणं: खरी मेहनत इथे आहे

ऊर्जेचे गुणांक, म्हणजे मालाच्या एका किलोमागे, नगामागे किंवा घनमीटरमागे किती ऊर्जा लागते ते आकडे, तक्त्यात मिळतात. परिमाणं तुमची तुम्हालाच काढावी लागतात, आणि हिशेबाचा खरेपणा त्यांवरच उभा असतो.

घर अजून कागदावर असेल तर अंदाजपत्रकातून काढा. १:१.५:३ काँक्रीटच्या एका घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी जाते. वीटकामाच्या एका घनमीटरला १:६ मसाल्यात सव्वा ते दीड गोणी. आपल्या घरात आरसीसी २९ घनमीटर, पायातलं साधं काँक्रीट ५ घनमीटर, वीटकाम ३५ घनमीटर. गिलावा आणि फरशीखालचा थर धरून सिमेंट ३७७ गोण्यांपर्यंत जातं. सांडलवंड धरली की ४००, म्हणजे २० टन.

बांधकाम चालू असेल तर बिलांवर चला, पण बिलावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाळू आणि खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. बिलावर एक ब्रास लिहिलेली ट्रॉली टेप लावून मोजली की बरेचदा कमी भरते. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि फळीपर्यंतची उंची एकदा मोजून घ्या आणि पुढे खेपा मोजा. वाळू ओली असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ५-८ टक्के ओलाव्याला बारीक वाळू फुगते आणि तिचं आकारमान पाव हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त वाढतं. त्यामुळे जमलं तर काट्याची पावती घ्या आणि वजनावर हिशेब करा.

सळईचं तसं नाही, ती चोख मोजता येते. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ एमएमची सळई मीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरचा पूर्ण गज १०.६७ किलो. नग मोजा, गुणा, आणि काट्याच्या पावतीशी ताडून पाहा. सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता इंजिनिअरकडून आधीच मागून घेतलात, तर स्लॅब पडायच्या आतच नेमका आकडा हाती येतो. आपल्या घराला ३ टन.

मोजायची ती विकत घेतलेली सळई, बसवलेली नव्हे. उरलेले तुकडे भंगारात गेले तरी त्यांच्यावरची ऊर्जा खर्च झालेलीच आहे. फुटलेल्या विटांचंही तसंच. ५ टक्के विटा फुटल्या तर त्या ५ टक्क्यांची भट्टी तुमच्यासाठीच पेटली होती.

सेंट्रिंगच्या प्लेटा आणि प्लाय यांचा हिशेब वापरांनी भागून करायचा. दहा स्लॅबना चाललेल्या प्लायचा एक दशांश भाग तुमचा.

आपल्या घराची यादी अशी उतरली: सिमेंट २० टन, सळई ३ टन, विटा १५,०००, वाळू १३ ब्रास (३६.८ घनमीटर), खडी ११ ब्रास (३१ घनमीटर), टाइल १.८ टन, अॅल्युमिनियम ५० किलो, काच १२५ किलो.

गुणांक कुठून घ्यायचे

भारतापुरतं बोलायचं तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले आकडे आजही सगळ्यात जास्त वापरले जातात. त्यांनी आपल्या देशातल्या भट्ट्या, आपली वीट आणि आपले ट्रक पाहिले, म्हणून मला ते परदेशी तक्त्यांपेक्षा जवळचे वाटतात. सिमेंट किलोला ५.८५ मेगाज्यूल, पोलाद ४२, अॅल्युमिनियम २३६.८, काच २५.८. भट्टीची एक वीट ४.२५ मेगाज्यूल. वाळूला निर्मितीची ऊर्जा शून्य धरून वाहतुकीची घनमीटरला दर किलोमीटरमागे १.७५ मेगाज्यूल. खडीला क्रशरची २०.५ आणि वर तेवढीच वाहतूक.

जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेने २०१७ मध्ये भारतीय बांधकाम साहित्याचा वेगळा तक्ता काढला. ब्रिटनमध्ये बाथ विद्यापीठातल्या जेफ हॅमंड आणि क्रेग जोन्स यांचा तक्ता प्रसिद्ध आहे. जिथे भारतीय आकडा हाताशी नसेल तिथे तो घ्यायला हरकत नाही. टाइलसाठी मी त्यातलाच किलोला १२ मेगाज्यूल हा आकडा घेतलाय. पण कोणती ओळ कोणत्या तक्त्यातून आली ते शेजारी लिहायचंच. एकाच हिशेबात दोन देशांचे गुणांक न सांगता मिसळले, तर त्या बेरजेला अर्थ उरत नाही.

आता पोलादाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण अख्ख्या हिशेबात सर्वात मोठी अनिश्चितता तिथेच आहे. ४२ हा आकडा खनिजापासून पोलाद बनवणाऱ्या तेव्हाच्या भारतीय कारखान्यांचा. ब्रिटिश तक्त्यात सर्वसाधारण पोलाद २० च्या आसपास दिसतं, कारण तिथे भंगार वितळवून केलेल्या मालाचा वाटा मोठा धरलाय. मग आपली सळई कुठली? मराठवाड्यातल्या आणि आसपासच्या साइटवर येणारी बरीच सळई जालन्याची असते, आणि जालन्यात भंगार व स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून गज ओढतात. भंगाराचा वाटा जास्त असेल तर ऊर्जा खूप कमी. पण स्पंज आयर्न कोळशावर बनतं आणि वीजही बहुतांश कोळशाचीच, म्हणून थेट २० धरणं मला धाडसाचं वाटतं. तुमच्या पुरवठादाराला विचारा: माल कोणत्या मिलचा, भंगाराचा की स्पंजचा? उत्तर मिळालं नाही तर ४२ आणि २० अशा दोन्ही आकड्यांनी हिशेब करा आणि दोन्ही उत्तरं लिहा. एकच गोळीबंद आकडा दाखवण्यापेक्षा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहिणारा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो.

विटेचा आकडा तर तुम्ही स्वतः तपासू शकता. भट्टी गावाजवळच असते. भट्टीवाल्याला विचारा, एका आव्यात किती विटा लावल्या आणि किती कोळसा, किती भुसा, किती लाकूड जळलं. कोळशाचा उष्मांक किलोला २० मेगाज्यूल धरला, तर विटेला ४.२५ या दराने १ लाख विटांना सुमारे २१ टन कोळसा लागायला हवा. भट्टीवाल्याचं उत्तर याहून बरंच वेगळं आलं, तर तुमच्या विटेसाठी त्याचाच आकडा खरा. भाताचा तूस किंवा उसाचं पाचट जाळलं असेल, तर तीही ऊर्जाच आहे. ती हिशेबात घ्या, फक्त वेगळ्या रकान्यात, कारण कोळशासारखी ती जमिनीखालून आलेली नाही.

सिमेंटची गोणी उलटी करून वाचा. ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) आहे की पीपीसी (राख-मिश्रित)? पीपीसीत औष्णिक वीज केंद्राची राख १५ ते ३५ टक्के असते. ती राख भाजावी लागत नाही. ३० टक्के राख धरली तर गुणांक ५.८५ वरून ४.२ च्या आसपास येतो.

वाहतूक

हिशेब एका ओळीचा आहे. वजन टनांत, गुणिले किलोमीटर, गुणिले १ मेगाज्यूल. हा १ कुठून आला ते डिझेलवरून पडताळता येतं. १० टन माल घेतलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असं धरा. लिटरभर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, म्हणजे किलोमीटरला ९, टनामागे ०.९. ट्रक रिकामा परतणार असेल तर मात्र दीडपर्यंत धरायला हवं. वाळूचा डंपर जवळपास नेहमीच रिकामा परततो. चंद्रपूरकडून सिमेंट घेऊन आलेल्या ट्रकला परतीचा माल मिळण्याची शक्यता जास्त.

गडचांदूर-घुग्गुसच्या पट्ट्यातून अहिल्यानगरला सिमेंट येतं असं धरलं तर ६०० किलोमीटर. २० टनांना १२,००० मेगाज्यूल. सळई जालन्याहून १७५ किलोमीटर, ३ टनांना ५२५. वाळू १०० किलोमीटरवरून.

लांबून आलेलं सगळं वाईट, असं बोललं जातं. मला ते अर्धंच पटतं. कोकणातल्या जांभ्याचं उदाहरण घ्या. चिरा खाणीतून कापून निघतो, भाजावा लागत नाही. त्याचा एक घनमीटर सव्वादोन टनांचा धरला आणि ट्रक रिकामा परतला असं मानलं, तरी ३०० किलोमीटर घाट चढून देशावर यायला सुमारे १,००० मेगाज्यूल लागतात. भट्टीच्या विटेला तेवढ्याच आकारमानाला, गावातल्या गावात, २,५०० वर लागतात. भाजणं हे अंतरापेक्षा महाग आहे. वाळू, खडी आणि मुरमाची गोष्ट उलटी. त्यांच्यावर जवळपास सगळी ऊर्जा रस्त्यावरच जळते, म्हणून तिथे जवळची खाण शोधण्याला खरा अर्थ आहे.

बेरीज

मोठ्यापासून लहानापर्यंत, सगळे आकडे मेगाज्यूलमध्ये:

- सळई ३,००० किलो × ४२ = १,२६,०००
- सिमेंट २०,००० किलो × ५.८५ = १,१७,०००
- विटा १५,००० × ४.२५ = ६३,७५०
- टाइल १,८०० किलो × १२ = २१,६००
- सिमेंटची वाहतूक = १२,०००
- अॅल्युमिनियम ५० किलो × २३६.८ = ११,८४०
- वाळू ३६.८ घनमीटर × १७५ = ६,४४०
- साइटवरचं डिझेल (मिक्सर, जेसीबी) १५० लिटर × ३६ = ५,४००
- साइटवरची वीज ३०० युनिट × ३.६ × ३ = ३,२४०
- काच १२५ किलो × २५.८ = ३,२२५
- खडी, ३० किलोमीटरवरून, ३१ घनमीटर × ७३ = २,२६३
- विटांची वाहतूक, ३० किलोमीटर = १,५२४
- सळईची वाहतूक = ५२५

एकूण ३,७४,८०७ मेगाज्यूल, म्हणजे ३७५ गिगाज्यूल. चौरस मीटरला ४.०३ गिगाज्यूल. विजेच्या ओळीतला ३ का? मीटरवर दिसणाऱ्या एका युनिटमागे औष्णिक केंद्रात जवळपास तिप्पट ऊर्जेचा कोळसा जळतो, म्हणून.

सिलिंडरच्या मापात सांगायचं तर ही सुमारे ५७५ सिलिंडर झाली. वर्षाला ८ सिलिंडर लागणाऱ्या कुटुंबाचा सुमारे ७० वर्षांचा स्वयंपाक, घराचं दार उघडण्याआधीच संपलेला.

आकडा पटण्यासारखा आहे का, हे बाहेरच्या मोजमापाशी ताडून पाहायचं. बंगळूरच्या त्याच अभ्यासात आठ मजली आरसीसी इमारत चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल निघाली होती, भारवाही विटांच्या भिंतींचं दुमजली घर २.९२, आणि माती-सिमेंटच्या दाबलेल्या ठोकळ्यांचं दुमजली घर १.६१. आपलं तळमजल्याचं घर आठ मजली इमारतीच्या जवळ जाऊन बसलंय. हे मला अस्वस्थ करतं. एका मजल्याच्या घराला आपण टॉवरचा सांगाडा घालतो आहोत.

सळई २० ने धरली तर एकूण ३०९ गिगाज्यूल, चौरस मीटरला ३.३२. म्हणून वहीत लिहायचं ते असं: ३.३ ते ४.०, अ१ ते अ५, बिल्टअप क्षेत्रावर.

यादीकडे परत एकदा पाहा. सळई, सिमेंट आणि विटा या तीन ओळींत शंभरातले ८२ गेले. म्हणून वेळ कमी असेल तर या तिन्हींची परिमाणं चोख काढा आणि बाकीचं अंदाजाने घ्या. अॅल्युमिनियमकडे मात्र नजर ठेवा. ५० किलो, दोन माणसं सहज उचलतील एवढं वजन, आणि त्यात ४० गोण्या सिमेंटची ऊर्जा.

हमखास होणाऱ्या चुका

एकच वस्तू दोनदा मोजली जाते. वीटकामाचा तयार गुणांक घनमीटरला २,१४१ मेगाज्यूल आहे, पण त्यात मसाल्यातलं सिमेंट आलेलं आहे. तो घेतला आणि शिवाय बिलातलं सगळं सिमेंटही धरलं, तर ५० गोण्या दोनदा आल्या. एक तर सगळं मालावरून मोजा, नाही तर सगळं तयार कामावरून.

याच्या उलट चूक आरएमसीची, म्हणजे प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची. स्लॅबला तयार काँक्रीट मागवलं की त्यातलं सिमेंट गोण्यांच्या बिलात दिसत नाही. चलनावरची ग्रेड पाहून प्लँटकडून घनमीटरमागचं सिमेंट आणि राख किती ते लेखी मागा. एका बंगल्याचा हिशेब माझ्यासमोर आला होता, त्यात सिमेंट फारच कमी होतं आणि मालक त्यावर खूश होते. आरएमसीची अकरा चलनं वेगळ्या फायलीत सापडली, तेव्हा उत्तर जवळजवळ दीडपट झालं.

तिसरी चूक तुलनेची. विटेची तुलना ब्लॉकशी नगावर करू नका. एका पोकळ काँक्रीट ब्लॉकला १२.३ मेगाज्यूल, विटेला ४.२५, म्हणून ब्लॉक वाईट, असं मी चांगल्या इंजिनिअरांच्या तोंडून ऐकलंय. एका ब्लॉकच्या जागेत सात-आठ विटा बसतात. तुलना भिंतीच्या चौरस मीटरवर, मसाल्यासकट करायची.

पाणी आणि माती

ऊर्जेच्या एककात न मावणारी दोन साधनं आहेत, आणि दुष्काळी तालुक्यात बांधणाऱ्याने ती वेगळी मोजलीच पाहिजेत.

मसाला आणि काँक्रीट कालवायला सिमेंटच्या निम्म्याने पाणी धरलं तर २० टनांना १०,००० लिटर. एवढं तर एका टँकरचं. खरं पाणी जातं ते नंतर मारायला. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ यानुसार ओपीसीला किमान ७ दिवस आणि उन्हाळी कोरड्या हवेत किंवा राख-मिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओल टिकवावी लागते. हे पाणी टँकरच्या खेपांवरून मोजा. बोअर असेल तर एकदा २०० लिटरचा पिंप किती मिनिटांत भरतो ते पाहून ठेवा आणि मोटार किती वेळ चालली ते रोज लिहा. कॉलमला बारदान गुंडाळून आणि स्लॅबवर आळी करून पाणी राखलं की फरक त्याच वहीत दिसतो. पाणी वाचवायचं म्हणून दिवस मात्र कमी करू नका. कच्चं राहिलेलं काँक्रीट पुढे दुरुस्तीत आणखी सिमेंट खातं.

आणि माती. १५,००० विटा म्हणजे ४५ टन भाजलेली माती. रानातली साधारण ३० घनमीटर. एक गुंठा जमीन फूटभर खरवडली की एवढी माती निघते. विटेला लागते ती बहुधा वरची, गाळाची, पिकाऊ माती. तुमच्या घराच्या विटांनी कुणाच्या तरी रानातला एक गुंठा घेतला, असं त्या पानावर लिहा. माती तलावाच्या गाळाची होती का, हेही भट्टीवाल्याला विचारा. तसं असेल तर तीच वीट वेगळ्या अर्थाची ठरते.

आकडा हातात आल्यावर

आता नकाशाकडे परत जायचं. एकेक बदल करून यादी पुन्हा मांडायची.

पीपीसी घेतलं तर ३३ गिगाज्यूल कमी होतात, आणि त्यासाठी नकाशातली एक रेषही हलवावी लागत नाही. विटेऐवजी पोकळ काँक्रीट ब्लॉक घेतले तर ३५ घनमीटर भिंतींवर सुमारे ४६ गिगाज्यूल वाचतात. चांगली माती मिळत असेल आणि ठोकळे पाडणारं यंत्र भाड्याने आणता येत असेल, तर माती-सिमेंटच्या ठोकळ्यांचं काम घनमीटरला ६५० ते ८०० मेगाज्यूलमध्ये होतं. स्लॅबच्या खालच्या, ताण घेणाऱ्या भागातलं निकामी काँक्रीट काढून तिथे ठोकळे किंवा कौलं भरायची, ही वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली फिलर स्लॅबची पद्धत आहे. साध्या स्लॅबला चौरस मीटरला ७३०, फिलरला ५९०. आपल्या घरावर १३ गिगाज्यूल. मंगलोरी कौलांचं छप्पर तर २२७ मध्येच होतं, पण वर मजला चढवायचा असेल तर तो रस्ता बंद.

सगळ्यात मोठा बदल सांगाड्याचा. तळमजल्याच्या घराला कॉलम लागतातच असं नाही. भिंतींवर स्लॅब टेकवून दीड टन सळई वाचली, तर ६३ गिगाज्यूल तिथेच गेले. हा निर्णय स्वतः घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती जड दगड-मातीच्या, न बांधलेल्या भिंतींखाली. भारवाही घराला जोत्याला, लिंटलला आणि छताच्या पातळीला भूकंप-पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात, आणि ते आराखड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढलेलं हवं. त्या पट्ट्यांची सळई धरूनच वाचलेली सळई मोजा.

वरचे आकडे नुसते एकमेकांत मिळवू नका. पीपीसी घेतल्यावर ब्लॉकच्या मसाल्यातली बचत बदलते, सांगाडा बदलला की सिमेंटही बदलतं. प्रत्येक बदलानंतर पूर्ण यादी नव्याने.

आणि जुनं सामान. पुण्यात किंवा साताऱ्यात वाडा उतरतो तेव्हा सागवानी खांब, तुळया, चौकटी आणि दगडी फरश्या बाजारात येतात. त्यांच्यावरची मूळ ऊर्जा त्या वाड्याच्या खात्यात कधीच जमा झाली. तुमच्या वहीत फक्त आणायची वाहतूक, रंधा मारायची वीज आणि नवे खिळे-बिजागऱ्या. अशा ओळीसमोर वस्तूचं वजन आणि ती कुठल्या गावाहून आली तेवढं लिहून ठेवा, कारण पन्नास वर्षांनी ती चौकट पुन्हा निघेल तेव्हा तिथून पुढचा हिशेब दुसरं कुणी तरी मांडणार आहे.